धुराची पाळी

आमच्या शाळेतली पी.टी.ची मॅडम लग्नाला यायची तीही गळ्यात शिट्टी घालून. अंगावर बऱ्यापैकी काठाची साडी, पायात पुरुषी बूट आणि गळ्यात लाल दोरीची शिट्टी. मंगलाष्टकं संपली की पोरांच्या पंगती ती शिट्टीवर बसवायची आणि शिट्टीवर उठवायची. लोक हसायचे, पण ती आल्याशिवाय पंगत सुरू करायचे नाहीत. आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या निम्म्या बायकांनी मला विचारलं, "मॅडम नाही आल्या का अजून?" मीही त्याच शाळेत होते. मीही मॅडमच होते, विज्ञानाची. पण आमच्या गावात नुसतं 'मॅडम' म्हटलं की ती.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. मनात कधीच केलं नाही. इथे मनातलंच लिहायचं ठरवलं आहे, म्हणून 'ती'.

मी नागपूरची, रामदासपेठेत वाढलेली. नवरा पाटबंधारे खात्यात. त्याच्या बदलीमुळे कालव्याकाठच्या या धानाच्या गावात आले आणि इथलीच झाले, निदान रेशनकार्डावर तरी. बसनं नागपूर फार लांब नाही, पण हवेचं म्हणाल तर हा वेगळाच मुलूख. इथे कोणता महिना चालू आहे ते डोळे मिटूनही सांगता येतं. दिवाळीनंतर शेतातून हार्वेस्टर फिरतो, मागे वीतभर खुंट ठेवून जातो, आणि गव्हासाठी रान मोकळं करायचं म्हणून त्या खुंटांना काडी लागते. त्याच दिवसांत राईस मिलची धुराडी थांबायचं नाव घेत नाहीत. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी राखड येऊन बसते. संक्रांत उलटली की मिरचीचे ढीग पडतात, बायका देठं खुडत बसतात आणि अख्खा बाजार शिंकतो. होळीच्या मागेपुढे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून जंगलात पाला पेटवतात, तो धूर गावावर उतरतो. मे महिन्यात नुसती धूळ. छातीभर श्वास घ्यायचा तो पावसाळ्यातच.

या सगळ्याबद्दल तिची स्वतःची मतं होती, आणि त्यातलं एकही विज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही. गुळानं छाती धुतली जाते. मास्क लावला की श्वास आळशी होतो. धानाचा धूर म्हणे घरचा, तो माणसाला ओळखतो. राईस मिलचा परका, तो लागतो. "छाती भाड्याची असते वं, पोट आपलं असते," असं ती पोरींना सांगायची, म्हणजे श्वास पोटातून घ्यायचा. शाळेच्या पायरीवर उभी राहून, नाक वर करून, आज कोणाच्या शेतातला धूर आहे ते ती जाहीर करायची. निम्म्या वेळा चुकायची. मग स्कूटीवरून शिट्टी वाजवत ज्याच्याशी भांडायला जायची, त्याचं धान अजून शेतात उभंच असायचं. तोही रागवायचा नाही. तिला बांधावर बसवून चहा पाजायचा आणि वर खऱ्या जाळणाऱ्याचं नावही सांगायचा. मी एकदा एका शेतकऱ्याला, अगदी हात जोडून, जाळू नका म्हणाले, तर त्यानं मला विचारलं, "मॅडमनं पाठवलं का तुमाले?" हो म्हणाले असते तर काम झालं असतं. मी नाही म्हणाले आणि घरी आले.

पुढे एका संस्थेकडून शाळेला हवा मोजायचं यंत्र मिळालं. ते मी मिळवलं होतं. अर्ज मी केला, नागपूरला खेपा मी घातल्या. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्यावर एक दिवा. हवा चांगली तर हिरवा, मग पिवळा, मग लाल आणि अगदीच वाईट हवेला जांभळा. मी ते कार्यालयाच्या खिडकीबाहेर लावलं, पोरांना गोळा केलं, हवेतल्या बारीक कणांबद्दल समजावून सांगितलं. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. मला वाटलं, आता माझे दिवस आले. तेवढ्यात ती मागून आली, कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काय वं मॅडम, तुमची सून तं आल्या दिवशीच तोंड लाल करून बसली!"

संपलं. पोरं हसली, शिक्षक हसले, मुख्याध्यापक रुमाल तोंडाला लावून हसले. त्या दिवसापासून यंत्राचं नाव सून. शाळेचा शिपाई रोज सकाळी मला विचारायचा, "मॅडम, सून काय म्हणून राहिली आज?" पालकसभेतही तेच. हवा खराब आहे असं मी सांगितलं की लोकांना आधी हसू फुटायचं. त्यात ती मला सगळ्यांदेखत 'वं' म्हणायची, जसं काही आम्ही एका विहिरीवर पाणी भरलं होतं. नवरा म्हणाला, "अगं, तिनं नाव ठेवल्यामुळेच लोक त्या दिव्याकडे बघायला तरी लागले." मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. प्रत्येक शाळेत कोणीतरी लाडकं असतंच. पण माझी एकुलती एक लेक, समीक्षा, आठवीत तिच्या हाती लागली.

समीक्षाला लहानपणापासून दमा. हिवाळा आला की तिच्या छातीतून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज यायचा. दिवाळीच्या पणत्या उचलून ठेवतानाच मी तिचा पंप, वाफेचं यंत्र आणि औषधं एका पिशवीत भरून दाराशी अडकवून ठेवायची. ही पोरगी मी तिच्या श्वासाला कान लावून वाढवली आहे. आणि तिला आवडत होतं काय, तर धावणं! कोणाकडून घेतलं कोण जाणे. आमच्या दोन्ही घराण्यांत बस पकडण्यापलीकडे कोणी धावलेलं नाही. मी तिला रामदासपेठेतल्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "खेळू द्या, पण धुरात नको." दुसऱ्या दिवशी मी शाळेत सांगितलं, डॉक्टर धुरात नको म्हणाले. समीक्षानं तिला सांगितलं, डॉक्टर खेळू द्या म्हणाले. दोघी खरंच बोललो होतो.

तिची एक सवय होती. सराव सुरू करण्याआधी ती प्रत्येक पोरीच्या पाठीला कान लावायची. पोरी रांगेत उभ्या, पाठमोऱ्या, आणि ही एकेकीच्या पाठीवर डोकं टेकवून डोळे मिटून ऐकते आहे. तिला काय कळायचं देव जाणे. समीक्षाच्या पाठीशी जरा जास्त वेळ थांबायची. मग पाठीवर एक थाप मारून म्हणायची, "चाल समी, आज घंटी नाही वाजून राहिली तुही."

समी! नाव मी ठेवलं होतं, चार दिवस विचार करून, सगळ्या घराशी भांडून. हिनं त्याचे दोन तुकडे करून एक ठेवून घेतला. महिन्याभरात माझ्या लेकीनं वहीवरसुद्धा 'समी' लिहायला सुरुवात केली. एकदा घरी मीही तिच्या पाठीला कान लावायला गेले, तर अंग चोरून म्हणाली, "आई, काय करतेस गं, गुदगुल्या होतात." मैदानावर होत नव्हत्या. माझा जळफळाट व्हायचा. त्याला दुसरा शब्द नाही, आणि असला तरी मला तो वापरायचा नाही.

बरं, पोरगी वाळली असती, आजारी पडली असती, तर मला काहीतरी बोलायला जागा होती. तसंही होईना. ती घरी यायची ती घामानं निथळत, गाल लाल, दोन पोळ्या जास्त खाऊन. सारखं "मॅडम म्हणाल्या, मॅडम म्हणाल्या." भाजीत तिखट कमी घाल, मॅडम म्हणाल्या. मी म्हणायची, तुझ्या मॅडमना सांग, भाजी मी करते.

त्या वर्षी दिवाळीनंतर धुरानं कहर केला. पहाटे मैदानावर उभं राहवेना. मी सरपंचांकडे गेले, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फुप्फुसांचं मोठं चित्र काढून लावलं. आठवड्याच्या आत त्याच्यावर कोणीतरी शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटवली. शेवटी मी समीक्षाचं पहाटेचं धावणं बंद केलं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ती आमच्या दारात हजर. आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही, म्हणून मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरातच पाटावर मांडी घालून बसली. नवरा आधीपासून तिथेच होता.

"जाळणं बंदच व्हायला पाहिजे," मी म्हणाले. "कायद्यानंच बंदी आहे त्याला."

"बंदी म्हटलं का लोक पहाटं चोरून जाळतात वं. आन् पहाटंच तं माह्या पोट्ट्या पळतात." मग ती नवऱ्याकडे वळली. "काहो भाऊ, तुमच्या कालव्यावर एवढे शेतकरी. पाण्यासाठी एकमेकांची डोकी कशी नाही फोडत?"

"फोडतात की," नवरा म्हणाला. "पण पाळी ठरलेली असते ना. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी त्याचं पाणी. तक्रार करतात ते टेलवाले. कालव्याच्या शेपटाकडचे. त्यांच्यापर्यंत पाणी पोचतं सगळ्यांच्या शेवटी."

ती चहा बशीत ओतत होती. ओतता ओतता थांबली. "मंग धुराचीबी लावू ना पाळी!"

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चहावर, माझ्या नवऱ्याच्या तोंडून! पाणीपाळी हा शब्द मी लग्न झाल्यापासून रोज जेवताना ऐकत आले होते. कंटाळा येईपर्यंत ऐकला होता. मला नाही सुचलं. नवरा मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा मॅडम!" आणि मी त्याच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतला नाही.

ती स्कूटी घेऊन कालव्याच्या काठानं गावोगाव फिरली. पद्धत सोपी होती. एका दिवशी एकाच चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या एकाच फाट्यावरच्या, शेतकऱ्यांनी जाळायचं, तेही भर दुपारी, वारा सुटलेला असताना. पहाटे आणि संध्याकाळी काडीला हात लावायचा नाही. आणि सुरुवात टेलपासून. "पानी तुमाले शेवटी भेटते ना गा? मंग धूर तुमी पयले काढा," असं तिनं शेपटाकडच्या शेतकऱ्यांना सांगितलं. म्हणजे काय, ते मला आजही कळलेलं नाही. धूर पहिला काढण्यात कसला आलाय मान? पण त्या लोकांना जन्मात प्रथमच कशात तरी पहिला नंबर मिळाला होता. ते तिच्यावर इतके खूश झाले की वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांवर त्यांनी स्वतःच पहारा ठेवला. एकानं पहाटे काडी लावली, तर शेजारी त्याच्या अंगावर धावून गेले, "पाळी मोडली काहून बे?" पाणी चोरलं तर जे बोलतात तेच शब्द, तसेच.

आणि सकाळची हवा सुधारली. रोज लाल असणारा दिवा पिवळ्यावर आला. ज्या यंत्रासाठी मी नागपूरला खेपा घातल्या, ते यंत्र शाळेच्या खिडकीत बसून तिच्या बाजूनं साक्ष देत होतं. शिपाई मला म्हणाला, "सून सुधरली वं मॅडम, सासू पीटीवाली पाहिजे होती." समीक्षा पुन्हा पहाटे धावायला लागली. मी नको म्हणायला कारणच उरलं नव्हतं.

डिसेंबरात जिल्ह्याच्या संघासाठी मुलींची निवड आमच्याच मैदानावर ठरली. मैदानातून निघायचं, कालव्याच्या रस्त्यानं लांब वळसा घालायचा आणि परत यायचं. समीक्षाचा नंबर नक्की, असं सगळे म्हणत होते. मॅडम तर आठवडाभर जमिनीवर नव्हती. तिनं कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निरोप फिरवला: शर्यतीच्या दिवशी कोणाचीच काडी नको, ज्यांची पाळी त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत आहे, त्यांनी आदल्या दिवशीच उरकून घ्यावं.

मी स्टाफरूममध्ये तिला सगळ्यांसमोर सांगितलं. थंडीत सूर्य कलला की वारा पडतो. गार हवा खाली बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही. आदल्या दिवशी सगळ्यांनी जाळलं तर तो सगळा धूर सकाळी आपल्या मैदानावरच असेल. मी फळ्यावर चित्रसुद्धा काढून दाखवलं.

तिनं चित्राकडे बघितलं. "अख्खी रात पडली आहे वं मधात. जाते कुठंतरी. थो धूर का मुक्कामाले आला आहे?"

स्टाफरूम हसली. फळा मीच पुसला.

आदल्या दिवशी काय झालं, तर तिच्यावरच्या मायेनं घात केला. ज्यांनी यंदा जाळायचंच नाही असं ठरवलं होतं, खुंट नांगरून टाकणार होते, त्यांनीसुद्धा जाळलं. मॅडमचं काम आहे, उद्यासाठी मागे काही राहायला नको! एका दुपारीत एवढी शेतं उरकणार कशी? दिवस मावळला तरी बांधाबांधावर जाळ दिसत होते. मी गच्चीवरून ते मोजत होते.

सकाळी मैदान पांढरं होतं. झेंड्याच्या खांबाचं वरचं टोक दिसत नव्हतं. खिडकीत जांभळा दिवा लागला होता. यंत्र लावल्यापासून तो मी प्रथमच बघत होते. तालुक्याहून आलेले अधिकारी तोंडाला रुमाल बांधून घाई करत होते. निवड आजच उरकायची होती, त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. मी समीक्षाचा हात धरला.

"तू धावणार नाहीस."

"आई, सगळ्या धावताहेत."

"सगळ्यांना दमा नाही."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. "मॅडम?" ती म्हणाली.

मॅडम जवळ आली. समीक्षानं पाठ केली आणि तिनं कान लावला. खूप वेळ लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, म्हटलं, आता तरी ही नको म्हणेल. तिनं डोळे उघडले. "पंप घेतला? पोटातून घेजो श्वास. जा."

समीक्षानं माझ्या मुठीतून आपला हात सोडवला. जोरात नाही, अलगद. जोरात सोडवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी शेवटच्या रेषेजवळ थांबले नाही. पिशवी घेऊन सरळ कालव्याच्या वळणावर गेले. धुरातून पोरी एकेक करून येत होत्या, आधी पावलांचा आवाज, मग माणूस. समीक्षा तिसरी आली. माझ्यापासून थोड्या अंतरावर तिचा वेग मोडला, ती दोन पावलं चालली आणि रस्त्यात बसली. खांदे कानापर्यंत चढलेले, मान ताठ, तोंड उघडं, आणि आवाज नाही. मांजराच्या पिल्लाचा आवाजसुद्धा नाही. मी तिला ताठ बसवलं, पंप दिला, श्वास धरायला लावला, पुन्हा दिला. हे मी वर्षानुवर्षं करत आले होते. या कामात माझ्याइतकं तरबेज त्या गावात कोणी नव्हतं.

ती मैदानाकडून धावत आली. गुडघ्यावर बसली, पण समीक्षाला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. पंपानं छाती थोडी सुटली, समीक्षाच्या तोंडून शब्द निघण्याइतकी हवा आत गेली. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम... सॉरी."

माझ्या मांडीवर माझी लेक होती, तिच्या तोंडाशी माझा हात होता. मी बरोबर होते आणि ती चुकली होती. आणि मिळालेल्या पहिल्या श्वासात माझी लेक तिची माफी मागत होती.

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली. दुपारपर्यंत श्वास जागेवर आला. ती दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती, आत आली नाही. मीही बोलावलं नाही.

पुढच्या दिवशी प्रार्थनेला ती सगळ्या शाळेसमोर उभी राहिली. "माह्यं चुकलं," ती म्हणाली. "विज्ञानाच्या मॅडमनं मले फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी हासली. पोट्टीचा जीव गेला असता." मग ती कालव्याच्या काठानं पुन्हा फिरली आणि हेच प्रत्येक बांधावर सांगून आली. झालं काय? समीक्षाला बघायला आमच्या घरी जेवढी माणसं आली, त्यापेक्षा जास्त तिला समजवायला तिच्या घरी गेली. कोणी वांगी घेऊन, कोणी वाल घेऊन. "चूक आमचीच हाये मॅडम, आमीच एवढं जाळायला नोको होतं." चूक कबूल करून माणसं जोडणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी इतकी वर्षं बरोबर होते, आणि एकानंही मला वांगं आणून दिलं नाही.

समीक्षा हिंडू-फिरू लागल्यावर ती आमच्या घरी आली. चहा नको म्हणाली. समीक्षाला घेऊन परसातल्या सीताफळाच्या झाडाखाली गेली. मी खिडकीतून बघत होते. ऐकू येत नव्हतं. बोलत तीच होती. समीक्षा मान खाली घालून ऐकत होती. शेवटी तिनं समीक्षाचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, मग माझ्याकडे न बघता स्कूटी चालू करून गेली.

त्यानंतर एक नवल घडलं. समीक्षा दर सकाळी बूट हातात घेऊन माझ्यासमोर यायची आणि विचारायची, "आई, आज जाऊ?" मी खिडकीतून बाहेर बघायची, यंत्रावरचा कालचा रंग आठवायची आणि सांगायची. जा म्हटलं की जायची. नको म्हटलं की बूट ठेवून अभ्यासाला बसायची. वाद नाही, फुरंगटणं नाही. शेतकरीसुद्धा यायला लागले. "सून काय म्हणते ते तुमाले विचारून मंगच जाळा, असं मॅडमनं सांगतलं." मी वारा बघून दिवस सांगायची. धुराची पाळी ठरवणारी आता मी होते. लोक हळूहळू खुंट नांगरूनही टाकायला लागले. मला वाटलं, शेवटी माझं म्हणणं लोकांना पटलं. लेकीलाही पटलं. त्या विजयात मी काही हिवाळे फार सुखानं काढले. ती निवृत्त होऊन वैनगंगेपलीकडे बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा निरोपाच्या दिवशी गाव रडलं, आणि मी अगदी मनापासून चांगलं भाषण केलं.

समीक्षा आता नागपूरला कॉलेजात आहे. सक्करदऱ्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, सकाळी तलावाच्या बाजूनं धावते. निघण्याआधी मला फोन करते. मी मोबाईलवर नागपूरची हवा बघून ठेवलेली असते.

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. शेजारीण फराळाला बसली होती, आणि मी जरा तोऱ्यातच सांगत होते, "आजकालच्या पोरी आईचं कुठं ऐकतात? पण हिचं तसं नाही. हवेच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शब्द." शेजारीण गेली. समीक्षा ताटली उचलताना हसली.

"आई, ते मॅडममुळे गं."

"काय मॅडममुळे?"

"नाही का त्या सीताफळाच्या झाडाखाली आल्या होत्या? तेव्हा म्हणाल्या, 'माह्या कानापेक्षा तुह्या आईचं खरं. आजपासून तिनं जा म्हटलं तं जायचं, नोको म्हटलं तं नाही. माह्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ घे.' मी घेतली."

"आठवीतली शप्पथ," मी म्हणाले. "ती अजून पाळतेस?"

"मॅडमची आहे ना," ती म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

मी चिवड्याच्या डब्याचं झाकण लावत होते. ते काही केल्या लागेना. समीक्षानं माझ्याकडे बघितलं, डबा माझ्या हातातून घेतला.

"तुला राग आला का गं? शप्पथ मोडू का? तू म्हणत असशील तर मोडते."

मोड, म्हणावंसं वाटलं. मोड, आणि मग बघू माझं म्हणून माझं किती ऐकतेस ते. शब्द ओठांवर आला होता. पण नागपूरचा हिवाळा तोंडावर होता, सक्करदऱ्यात पिशवी घेऊन वळणावर उभं राहायला मी नसते, आणि पोरगी माझ्यासारखी हट्टी आहे.

"नको," मी म्हणाले. "राहू दे."

आता थंडी चांगलीच पडली आहे. आज सकाळीही फोन आला. "आई, जाऊ?" मी मोबाईलवर बघितलं. "आज नको गं, फार धूर आहे." "बरं," ती जांभई देत म्हणाली. खिडक्या लावल्या आहेस ना, एवढं मी विचारून घेतलं. मग फोन खाली ठेवला, वैनगंगेपलीकडच्या त्या बाईला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि चहा टाकला.